दयाळ दाद मागतो

एका जंगलात एक नाईट क्लब होता.

नाईट क्लब म्हणजे काय, हे बाबांना विचारू नका, मुलांनो. 'मला काय ठाऊक!' असं ते इतक्या घाईने म्हणतील की आई स्वयंपाकघरातून बाहेर येईल. त्यापेक्षा मीच सांगतो. दिवसभर झोपलेली मंडळी जिथे रात्री जागायला जातात, चढ्या भावाने पाणी पितात आणि चाललेलं गाणं ऐकू येऊ नये म्हणून मोठमोठ्याने बोलतात, त्या जागेला नाईट क्लब म्हणतात.

हा क्लब एका जुन्या गुहेत होता. मालक होते तरसशेठ. पूर्वी ते दुसऱ्यांनी मारलेली शिकार ओढून न्यायचे. पुढे वय झालं, गुडघे धरले, ओढून न्यायचा कंटाळा आला. मग त्यांनी क्लब काढला. आता लोक आपणहून आणून द्यायला लागले. गुहेच्या तोंडाशी पाटी होती, 'येथे कोणी कोणास खाऊ नये.' हा नियम गिऱ्हाइकांना होता, मालकांना नव्हता.

लांडगे यायचे, रानडुकरं यायची. ससे कर्ज काढून यायचे, म्हणजे दुसऱ्या दिवशी 'काल लांडग्याच्या शेजारी बसलो होतो' असं चारचौघांत सांगता यावं. दिव्यांचं काम काजव्यांकडे होतं. ते उमेदवार होते, म्हणजे बिनपगारी. काम शिकले की पगार सुरू होणार होता. चमकायला शिकायला काजव्याला किती दिवस लागतात, हे मात्र शेठनी अजून ठरवलेलं नव्हतं.

आणि गायला होता दयाळ.

दयाळ तुम्ही पाहिला असेल. कुंपणावर बसतो. काळा कोट, पांढरा सदरा, शेपटी ऐटीत वर. समारंभाचे कपडे अंगावर घेऊनच जन्माला आलेला पक्षी. शेठनी त्याला ठेवला त्याचं पहिलं कारण हे, की कोट शिवावा लागला नाही. दुसरं कारण त्याचं नाव. ज्याच्या नावातच दया आहे तो पगारासाठी कशाला भांडेल, असा शेठनी हिशेब केला होता.

पण गाणं मात्र खरंच सुंदर होतं हो! त्याला जंगलात जाझ म्हणत. जाझ का म्हणत ते कुणालाच सांगता आलं नसतं, पण तिकीट वाढवायला तो शब्द पुरेसा होता. त्यात आधीपासून ठरलेलं काही नसे. एक सूर घ्यायचा, त्याला मोकळा सोडायचा, तो जाईल तिकडे त्याच्या मागून जायचं आणि शेवटी सगळ्यांनी मिळून त्याला घरी आणायचं. सूर सोडायचा दयाळ. लाकडावर ताल धरायचा सुतार पक्षी. आणि खाली खर्जात 'डरांव, डरांव' करत दोघांना सांभाळून घ्यायचे बेडूककाका. कालचं गाणं आज नाही आणि आजचं उद्या नाही. एखाद्या रात्री तिघांचं असं काही जमून जायचं की दयाळाला आपल्याला पोट आहे याचा विसर पडायचा.

शेठना तो विसर फार आवडायचा.

आता नियम ऐका. गवयांनी मागून यायचं, हाडं बाहेर टाकायच्या भोकातून. पुढच्या दाराने आलं तर दंड. गाताना पंख झाडले तर दंड. मध्येच पाणी मागितलं तर पाण्याची किंमत, आणि पाण्यावाचून घसा बसला तर दंड. बेडूककाकांना अंग ओलं ठेवावं लागे, म्हणून त्यांच्या मजुरीतून डबक्याचं भाडं कापलं जाई. गिऱ्हाइकांशी बोलायचं नाही. गिऱ्हाईक बोललं तर हसायचं.

मजुरी ठरली होती रात्रीला द्रोणभर वाळवी. ठरली तेव्हा द्रोण पळसाच्या पानांचा होता. पुढे शेठनी पानं बदलली आणि द्रोण चिंचेच्या पानाचा केला. चिंचेचं पान केवढं असतं, ते तुम्ही पाहिलंच असेल. आणि गेले कित्येक दिवस तर तोही मिळत नव्हता.

दयाळाने एकदा धीर करून विषय काढला.

"शेठ, वाळवीचं काही..."

"या, या, दयाळराव!" शेठ म्हणाले. द्यायचं नसलं की ते 'राव' लावत. "अहो, कालचं गाणं काय झालं! मी तर म्हटलं, हा पक्षी नाही, हा गंधर्व आहे."

"शेठ, घरी पिल्लं आहेत."

"मला नाहीत का? तुम्ही सगळी माझी पिल्लंच! आपण काय मालक-नोकर आहोत? एक घर आहोत, दयाळराव. घरात कुणी मजुरी मागतं का?"

"घरात जेवण तरी मिळतं," दयाळ हळूच म्हणाला.

शेठ खूप हसले. तरसाचं हसणं जातिवंतच असतं. हसून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "कलावंताचं पोट कशाने भरतं, सांगू? दादेने! तुम्हाला इथे जंगलातल्या बड्या बड्या जनावरांची दाद मिळते. ती मी फुकट मिळवून देतोय. खरं तर मीच तुमच्याकडून काही घ्यायला हवं. पण जाऊ द्या. घरातलेच तुम्ही."

दयाळ हाडांच्या भोकातून बाहेर पडला. घरी आला तेव्हा उजाडलं होतं.

घर म्हणजे आंब्याच्या खोडातली ढोली. तिच्यात तीन पिल्लं होती आणि तिन्ही पिल्लांची मिळून नुसती तोंडंच दिसत होती. दयाळीण दिवसभर एकटी किडे वेचायची. तिला नवऱ्याची मदत नव्हती, कारण रात्रभर गाऊन आलेला नवरा दिवसा डोळे उघडू शकत नव्हता. तिची पिसं विस्कटली होती आणि छातीचं हाड वर आलं होतं.

"मिळाली का?" तिने विचारलं.

"दाद मिळाली."

"ती चोचीत धरून आणायची होती, म्हणजे पोरांना भरवली असती."

त्या दिवशी तिचा मानलेला भाऊ आला होता, गायबगळा. पांढरा स्वच्छ सदरा, मान किंचित पुढे. नोकरदार पक्षी. तो म्हशीच्या पाठीवर कामाला होता.

"दाजी," तो म्हणाला, "आमच्या म्हैसबाईंच्या पाठीवर एक जागा रिकामी आहे. गोचिडं काढायची. काम दिवसाचं. जेवण जागेवर. कायम नोकरी. म्हैस काही क्लबासारखी बुडत नाही. बुडाली तरी डबक्यात, आणि संध्याकाळी परत वर येते."

"आणि गाणं?" दयाळाने विचारलं.

बगळ्याने मान मागे घेतली. "गाणं कसं चालेल, दाजी? हपिसात कुणी गातं का? म्हैस बिचकते."

  दयाळणीला दयाळाचं गाणं आवडायचं. ती त्याच्याकडे आली ती गाणं ऐकूनच, नाहीतर त्याच्याकडे होतं काय? पण तीन तोंडं समोर आ वासून होती. शेवटी ती म्हणाली, "पोरांना पंख फुटेपर्यंत बघा. तोवर मजुरी हाती आली तर गा जन्मभर. नाही आली, तर म्हैस."

असं ठरलं.

दयाळाने सुतार आणि बेडूककाकांना गाठलं. सुतार तापट. तो म्हणाला, "शेठच्या डोक्यावर ताल धरतो." बेडूककाका मात्र चार पावसाळे जास्त पाहिलेले. ते म्हणाले, "पोरा, मारामारीत आपण हरणार. आपण काय करायचं, सरळ वर जायचं. सिंहमहाराज न्यायी आहेत म्हणतात. त्यांच्याकडे दाद मागायची."

"दाद मागायची," सुतार म्हणाला.

"दाद मागायची," दयाळही म्हणाला. ते म्हणताना त्याला मोठा आधार वाटला. इथेच सगळं फसलं, पण ते त्याला तेव्हा कसं कळणार?

दरबाराच्या दाराशी वानर कारभारी बसले होते. एका हाताने काख खाजवत त्यांनी विचारलं, "काय काम आहे? एका शब्दात सांगा. महाराजांची वामकुक्षीची वेळ झालीय."

दयाळाने वाटेत सगळं पाठ केलं होतं. द्रोण, पानं, भोक, दंड, डबक्याचं भाडं, तीन पिल्लं. ते सगळं एका शब्दात कसं बसवायचं? त्याने क्षणभर विचार केला. मग त्याला वाटलं, शब्द आहे की!

"दाद," तो म्हणाला. "दाद मागायची आहे."

"एवढंच ना?" वानर खूश झाले. असे थोडक्यात आटोपणारे अर्जदार रोज कुठे मिळतात? ते आत गेले आणि ओरडले, "महाराज, क्लबातला गवई दयाळ दाद मागायला आला आहे!"

सिंहमहाराज जांभई देत होते. ती त्यांनी अर्ध्यावर थांबवली. दयाळ समोर आला. महाराजांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि भरल्या गळ्याने ते बोलू लागले.

"ज्या राज्यात अशा गुणी गवयावर दाद मागत दरबारात यायची पाळी येते, त्या राज्याच्या राजाने लाजेने मान खाली घातली पाहिजे."

आणि त्यांनी खरोखरच मान खाली घातली. आयाळ पुढे आली.  दयाळाच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण तोंड उघडण्याआधीच महाराजांना सगळं समजलं! द्रोण समजला, पानं समजली. राजा असावा तर असा, असं त्याला वाटलं.

महाराजांनी मान वर केली आणि गर्जना केली, "द्या रे याला दाद!"

आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

हत्तींनी सोंडा वर करून तुतारी फुंकली. अस्वलांनी मांड्या थोपटल्या. माकडांनी 'वा! बहोत अच्छे!' म्हणून फांद्या हलवल्या. दयाळाने अजून एक सूरही काढला नव्हता.

"महाराज," तो गडबडून म्हणाला, "ही दाद नव्हे. मला दुसरी दाद हवी आहे!"

"दुसरी?" महाराजांना गहिवरून आलं. "ऐकलंत? याला म्हणतात खरा कलावंत! एकीने समाधान होत नाही! वन्स मोअर!"

"वन्स मोअर!" दरबार ओरडला आणि पुन्हा कडकडाट झाला. या वेळी तो बराच वेळ चालला. कारण महाराज थांबल्याशिवाय थांबायचं नाही असा रिवाज होता, आणि आपण थांबल्याशिवाय दरबार थांबणार नाही हे महाराज विसरले होते.

टाळ्या थांबल्या तेव्हा महाराजांचा हात सढळ झाला होता. त्यांनी तिथल्या तिथे दयाळाचा जाहीर सत्कार करायचं ठरवलं. मग काय विचारता! वानर कारभाऱ्यांनी सूत्रसंचालन केलं. अस्वलाने प्रास्ताविक केलं आणि त्यात ते मधावर बोललं. प्रमुख पाहुणे म्हणून तरसशेठना बोलावून आणलं. शेठ म्हणाले, "दयाळरावांना मी ते अंड्यात होते तेव्हापासून ओळखतो. तेव्हाच मला कवचातून सूर ऐकू आला होता." एवढं बोलून त्यांनी डोळे पुसले. अंडं तेव्हा त्यांना सापडलं असतं तर त्यांनी ते कसं खाल्लं असतं, हे त्यांनी सांगितलं नाही.

"आता सत्कारमूर्ती दोन शब्द बोलतील," वानर म्हणाले.

"माझी मजुरी..." दयाळ म्हणाला.

"दोन शब्द झाले," वानर म्हणाले. "वेळेअभावी आपण इथेच थांबू."

मग शाल आणि श्रीफळ आलं. शाल हत्तीच्या मापाची होती, कारण दरबारात सत्कार नेहमी हत्तींचेच होत. ती अंगावर पडताच दयाळ दिसेनासा झाला. शालीखालून एक 'ची' ऐकू आली. ती कृतज्ञतेची आहे असं समजून सगळ्यांनी माना हलवल्या. महाराजांनी त्याला पदवी दिली, 'वनकोकीळ'. दयाळ हा कोकीळ नव्हे, असं एक घुबड म्हणालं, पण घुबडाचं बोलणं अशुभ मानतात म्हणून ते कुणी ऐकलं नाही.

नारळ घरी कसा न्यायचा? दयाळाएवढे दहा दयाळ एका नारळात मावले असते. दरबाराबाहेर थांबलेले सुतार आणि बेडूककाका मदतीला आले. तिघांनी तो ढकलत ढकलत नेला. चढावर तो मागे यायचा आणि बेडूककाका त्याच्याखाली जायचे. शाल शेवटी नारळाभोवती गुंडाळली आणि सगळं एकदम ओढलं. आंब्याखाली पोहोचले तेव्हा तिघांचंही बोलणं बंद झालं होतं.

दयाळीण ढोलीतून वाकून बघत होती.  "अहो, हे काय? नारळ दिला की काय तुम्हाला? क्लबातून काढलं?"

"काढलं नाही गं. सत्कार झाला."

"आणि दाद?"

"दिली. दोनदा दिली."

"कुठली?"

दयाळाने नारळावरची शाल सोडली. पिल्लांनी नारळाकडे बघून तिन्ही तोंडं उघडली. हे एवढं मोठं काहीतरी बाबांनी आणलंय, म्हणजे खायचंच असणार, असं त्यांना वाटलं. ते पाहून दयाळीण फुटली.

"वनकोकीळ म्हणे! कोकीळ काय करतो ठाऊक आहे ना? आपली अंडी दुसऱ्याच्या घरट्यात टाकून मोकळा होतो. म्हणून त्याला गायला सवड असते. आपली कुणाच्या घरी टाकू सांगा, म्हणजे तुम्हीही गा!"

बोलून झाल्यावर तिला वाईट वाटलं. तिने त्याच्या कोटावरची धूळ चोचीने झटकली आणि ती पुन्हा किडे वेचायला गेली.

त्या संध्याकाळी दयाळ क्लबात गेला तर भोकाशी शेठ स्वतः उभे होते. बाहेर नवी पाटी लागली होती, 'आमचे येथे वनकोकीळ गातात.' तिकीट दुप्पट झालं होतं.

"शेठ, आता तरी मजुरी द्या," दयाळ म्हणाला.

शेठनी दोन्ही कानांवर पंजे ठेवले. "मजुरी! वनकोकिळाला मजुरी? महाराज काय म्हणतील? मजुरी हमालांना देतात, दयाळराव. तुम्हाला आता मानधन."

"मग ते द्या."

"शब्द नीट बघा. मान-धन. आधी मान, मग धन. मान तर दरबारात मिळाला. आता धन येईल मागून. थोडा धीर धरा की! शिवाय तुम्ही सत्काराला गेलात तो दिवस खाड्याचा धरलाय."

दयाळाने शेठकडे पाहिलं. मग शेठच्या मागे अंधारात मिणमिणणाऱ्या काजव्यांकडे पाहिलं. त्यातला एक फार म्हातारा झाला होता आणि अजून उमेदवारच होता. दयाळ उलट फिरला. त्याच्या मागोमाग सुतार फिरला, बेडूककाका फिरले. कुणी कुणाशी काही ठरवलं नव्हतं. पण गाण्यातही त्यांचं आधी काही ठरलेलं नसेच.

त्या रात्री क्लबात गाणं झालं नाही.

गिऱ्हाइकांना आधी कळलंच नाही काय चुकतंय. मग हळूहळू त्यांना आपलंच बोलणं ऐकू यायला लागलं. रानडुकराला कळलं की आपण रोज तोच विनोद सांगतो आणि त्याला कुणीही हसत नाही. लांडग्याला बायकोचं मचमच चावणं ऐकू आलं आणि बायकोला त्याचं घोरणं. शेजारच्या सशांना लांडगे त्यांच्याबद्दल काय बोलतात ते शब्दन् शब्द ऐकू आलं. ससे पैसे न देताच पळाले. दुसऱ्या रात्री क्लब अर्धा भरला. पुढे तर नुसते काजवे उरले.

शेठ धावत दरबारात गेले. दयाळालाही बोलावणं आलं.

"महाराज!" शेठ जमिनीवर लोळण घेत म्हणाले. "मी बुडालो! मी दाद मागायला आलो आहे!"

हे ऐकताच दयाळाला, खरं सांगतो मुलांनो, फार बरं वाटलं. आता शेठना शाल मिळणार, नारळ मिळणार, अस्वलाचं मधावरचं भाषण मिळणार! दरबारही तयारच होता. हत्तींनी सोंडा उचलल्या. अस्वलांनी पंजे वर केले.

"थांबा!" महाराज गरजले. "टाळ्या कसल्या पिटता, मूर्खांनो? शेठ दाद मागतायत. दाद म्हणजे न्याय! एवढंही मराठी येत नाही तुम्हाला?"

सोंडा खाली आल्या.

दयाळाला राहवलं नाही. "महाराज, मी मागितली तेव्हाही हाच शब्द होता."

"शब्द हाच असेल," महाराज समजुतीने म्हणाले. "पण तू गवई आहेस. गवयाने दाद मागितली तर टाळ्या द्यायच्या असतात आणि व्यापाऱ्याने मागितली तर न्याय. तोंड बघून अर्थ लावायचा असतो, बाळ. ते आम्ही शिकलोय, म्हणून तर राजे आहोत."

मग न्याय झाला. राज्याचा मान घेऊन राज्यातल्या क्लबात न गाणं हा गुन्हा ठरला. एकतर दयाळाने गावं, नाहीतर शाल आणि श्रीफळ परत करावं.

"परत करतो!" दयाळ आनंदाने ओरडला. "आत्ता करतो!"

त्याने उडायला पंख पसरले, आणि ते तसेच राहिले.

कारण त्याला आठवलं. शाल आंब्याखाली पडून राहिली होती आणि तिला वाळवी लागली होती. दयाळणीने ती वाळवी वेचून वेचून पिल्लांना भरवली होती. द्रोण बंद झाल्यापासून त्या घराला मिळालेली मजुरी ती तेवढीच. आणि नारळ सुताराने रागाच्या भरात टोच मारमारून फोडला होता. खोबरं पिल्लांनी फस्त केलं. आता घरात उरली होती फक्त एक करवंटी.

"राजाची शाल खाल्लीस? राजाचा नारळ खाल्लास?" वानर कारभाऱ्यांनी डोक्याला हात लावला. "महाराज, याने तर सन्मान खाऊन टाकला!"

महाराज फार दुखावले. त्यांनी निकाल दिला. शाल-श्रीफळाची किंमत फिटेपर्यंत दयाळाने क्लबात फुकट गावं. किंमत किती ते शेठ सांगतील. आणि क्लबाबाहेर त्याने कुठेही गाऊ नये, घरी नाही, कुंपणावर नाही, पहाटे नाही.

"आणि क्लबात नाही गायलो तर?" दयाळाने विचारलं.

"तर मग कुठेच नाही."

दयाळाने एकवार वर पाहिलं. दरबाराच्या वर फांद्या होत्या आणि फांद्यांमधून ऊन येत होतं. गायला चांगली वेळ होती.

"मग कुठेच नाही," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून तो म्हशीच्या पाठीवर कामाला लागला. सुतार लाकडात भोकं पाडू लागला, पण तालात नाही, नुसतीच भोकं. बेडूककाका चिखलात उतरले ते वर आलेच नाहीत.

म्हैसबाई चांगली होती. कुणाच्या अध्यातमध्यात नव्हती. गोचिडं होती तेवढी मिळत. काढली की खायची, खाल्ली की पुढची. उद्या देते, असं ती कधी म्हणाली नाही. पिल्लांची पोटं भरली, दयाळणीच्या अंगावर पिसं आली, घरात आबादीआबाद झाली. फक्त पहाटे तिला सवयीने जाग यायची. ती थोडा वेळ कान देऊन बसायची आणि मग कूस बदलून पुन्हा झोपायची. 

पिल्लांना पंख फुटले. दोन मुली होत्या, त्या उडून गेल्या. मुलाच्या अंगावर काळा कोट आला, आत पांढरा सदरा आला. गाणं त्याला कुणी शिकवलं नव्हतं. पण गाणं खोकल्यासारखं असतं, घरातल्या एकाला असलं की दुसऱ्याला लागतंच. एकदा म्हशीच्या कानाआड बसून तो अगदी हळू गात होता. दयाळाने ते ऐकलं आणि त्याची चोच गोचिडावरच थांबली. पोरगा बापापेक्षा चांगला गात होता.

म्हैस बिचकली नाही. तिने रवंथ थांबवला आणि गाणं संपल्यावर पुन्हा सुरू केला.

आणि एका सकाळी मुलगा कोट नीट करून ढोलीच्या तोंडाशी उभा राहिला.

"बाबा, मी क्लबात जातोय. तरसशेठ स्वतः आले होते. किती गोड बोलतात! म्हणाले, तुझ्या बाबांशी आमचं काही वाकडं नाही, आपण एकाच घरातले."

दयाळणीने नवऱ्याकडे पाहिलं. दयाळाला खूप काही सांगायचं होतं. द्रोण, पानं, भोक, दंड. पण मुलाच्या डोळ्यांत तोच विसर दिसत होता, जो त्याला स्वतःला फार चांगला ठाऊक होता. त्याने एवढंच विचारलं, "मजुरी काय ठरली?"

"मजुरी?" मुलगा हसला. "अहो बाबा, तिथे दाद मिळते म्हणे!"

दयाळ ढोलीत मागे गेला. कोपऱ्यात करवंटी होती. त्याने ती ढकलत ढकलत पुढे आणली आणि मुलाच्या पायाशी ठेवली.

"ही घेऊन जा," तो म्हणाला. "शाल तिकडे मिळेल."

तात्पर्य : मान हा धनापेक्षा मोठा असतो, म्हणूनच ज्यांना धन द्यायचं नसतं ते नेहमी मोठ्या मनाने मान देतात. तेव्हा कलावंताने दाद मागू नये, म्हैस शोधावी. आणि मुलांनो, गोष्ट आवडली असली तरी टाळ्या वाजवू नका. सांगणाऱ्याच्या घरी नारळ आधीच फार झालेत.